वाणी डावीकडं वळते

१

आमच्या गावात घराच्या आत कोणी निजत नाही. घरं चांगली आहेत. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेली, एका मापाची, एका रांगेत. औशाच्या रस्त्यावरून पाहिलं तर काडेपेट्या मांडल्यासारखी दिसतात. पण प्रत्येक घरापुढं पत्र्याचं शेड आहे आणि माणसांच्या बाजा त्या शेडात आहेत. घरात पोती असतात, देव असतात, गेलेल्यांचे फोटो असतात. भूकंप झाला तेव्हा जी पोरं जन्मलीसुद्धा नव्हती ती म्हणतात, "आत लई उकडतंय." थंडीतही त्यांना उकडतं. भीती वाटते म्हणून सरळ सांगा ना!

मला वाटत नव्हती. मी महादेवी. शाळा पाहिली ती तिसरीपर्यंत. पुढचं माझं मी शिकले, किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून, पोरांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून. मी नवऱ्याचं नाव घेते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणणाऱ्या बायांचे नवरे माझ्या डोळ्यांदेखत गेले. माझा अजून बाजेवर बसलेला आहे.

बाहेर निजायचे ती या शंकरप्पांसाठी. जुन्या गावात छत त्यांच्या अंगावर आलं होतं. तेव्हापासून त्यांना वर पत्रा तेवढा चालायचा. या नव्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही. लेकीच्या लग्नात देवाला हात जोडले तेही अंगणातून.

दोन सालांखाली त्यांच्या डोक्यात गुठळी झाली. लातूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, आठवण काही हाती लागली नाही. समोर आहे तेवढं आहे. मान वळली की गेलं. मला म्हणायचे, "ओ बाई, पाणी द्या." मी म्हणायचे, "घ्या." जन्म काढला त्या माणसाबरोबर, आणि मी बाई! देवाजवळ मी दुसरं काही मागत नव्हते. एकदा, एकदाच, त्यांनी मला ओळखावं.

२

झडीचे दिवस आले की आमच्याकडं वाण्या निघतात. तांबूस काळी, बोटभर लांब, अंगाखाली पायांची झालर. डिवचली की गोल वेटोळं करून पडते. शहरातले तिला पैसा म्हणतात. तिन्हीसांजेला ओट्यावर बसून त्या सुपलीत गोळा करायच्या आणि उकिरड्यावर टाकून यायच्या, हे माझं रोजचं काम. मारत नाही. उगवलेला भोपळा खातात म्हणून हाकलायच्या, बस्स.

शिवांगी, माझ्या लेकीची लेक, लातूरला बी.एस्सी. करते. सुट्टीला आली होती. एका संध्याकाळी तिनं ओट्यावर विटांची गल्ली मांडली.

"आज्जी, गंमत दाखवू?"

"गंमत असंल तर दाखव. अभ्यास असंल तर तसं सांग."

तिनं गल्लीत वाणी सोडली. गल्ली आधी उजवीकडं वळत होती, दुसरा रस्ताच नव्हता. पुढं फाटा. वाणी फाट्यावर आली, मिशा हलवल्या आणि डावीकडं गेली. दुसरी सोडली, तीही डावीकडं. मग शिवांगीनं विटा फिरवल्या, आधी डावीकडं वळायला लावलं. आता सगळ्या उजवीकडं.

"मोहरीएवढा मेंदू नसंल तिला," शिवांगी म्हणाली, "पण शेवटचं वळण तेवढं ध्यानात ठेवती. अडथळा आला म्हणून उजवीकडं वळावं लागलं की पुढं डावीकडं वळून आपल्या रस्त्याला लागायचं. न्हाईतर गोल फिरत बसंल."

"किती वेळ ध्यानात ऱ्हातंय?"

"हातभर सरळ गेली की विसरली."

मग तिनं चुलवणातली राख चाळून अंगणात पसरली, वाटा दिसाव्यात म्हणून. राखेत वाणीची वाट उमटते ती बारीक दोऱ्याच्या शिवणीसारखी. दगड आला की शिवण वळसा घ्यायची. पण शंकरप्पा बाजेवरून पाय सोडून बसले होते, त्यांच्या पावलाला वळसा नाही. वाण्या सरळ त्यांच्या पावलावर चढायच्या आणि पलीकडं उतरायच्या. ते लहान लेकरासारखे हसत होते. त्यांनी पाय उचलला तेव्हा राखेत शिवण तुटलेली दिसली. मध्ये पावलाच्या रुंदीएवढं कोरं, मग परत शिवण.

"हे बघ," शिवांगी म्हणाली, "इथं आजोबा होते."

मग हळूच: "आज्जी, आजोबांचं बी असंच हाय का गं? शेवटचं वळण तेवढंच?"

"आजोबाला किडा म्हणतीस, भवाने!" मी ओरडले. ओरडले, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

३

शिवांगी लातूरला गेली. त्याच आठवड्यात आतल्या खोलीतली सोयाबीनची पोती विकली. घर मिळालं तेव्हापासून ती खोली कधी रिकामी झाली नव्हती. मी झाडून पुसून घेतली, मागच्या भिंतीतली मोरी धुतली, दार लोटून कडी लावली आणि नेहमीसारखी ओट्यावर सुपली घेऊन बसले.

मोरीतून आत शिरलेल्या वाण्या खोली ओलांडून दाराखालच्या फटीतून बाहेर येतात. एक आली. उंबऱ्यावरून उतरली आणि डावीकडं वळली. पुढं मोकळा ओटा, वीट नाही, दगड नाही. आणि ती डावीकडं वळली. मागून आणखी एक आली, डावीकडं. मग दोघी जोडीनं, डावीकडं.

आधी मला काही वाटलं नाही. त्या वर्षानुवर्षं तशाच वळत होत्या. आत पोती होती, पोत्यांना वळसा घालून यायच्या. मी पुढच्या वाणीला हात घातला आणि तसाच राहिला तो हात.

पोती गेली होती. वळण तेवढं राहिलं होतं.

मी अक्कल गहाण टाकलेली बाई नाही. उतार असेल म्हणून ओट्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी उजवीकडं गेलं. वारा असेल म्हणून फटीशी कापूर लावला. धूर सरळ वर गेला. फरशी फुटली असेल म्हणून दार उघडून दिवा लावला. फरशी धड होती. कोपऱ्यांत काही नव्हतं. रिकाम्या खोलीत माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटला.

दार लावून परत बसले. वाणी आली आणि डावीकडं वळली.

म्हणजे तिला आत उजवीकडं वळावं लागलं होतं. आणि हातभर सरळ गेली की ती विसरते. मी बसल्या जागी ते अंतर डोळ्यांनी मोजलं. जे काही तिनं चुकवलं होतं ते दाराच्या आत, दाराला लागून होतं.

४

दुसऱ्या दिवशी मी खोलीत राख पसरली. दिवसभर आभाळ दाटलेलं होतं, वाण्यांना दिवस काय आणि सांज काय. दुपारी दार उघडलं.

मोरीपासून शिवणी निघाल्या होत्या, पुष्कळ, एकीवर एक. खोलीच्या मध्यापर्यंत सरळ. दाराजवळ सगळ्या उजवीकडं वळल्या होत्या, कशाच्या तरी कडेनं गेल्या होत्या आणि मग फटीला लागल्या होत्या. मधली राख कोरी. जशी चाळणीतून पडली तशी. एकही शिवण तिच्यावरून गेली नव्हती.

जागा पाटाएवढी होती. जेवायला मांडतो त्या पाटाएवढी.

मी वाकून त्या जागेवर हात ठेवला. फरशी फरशीसारखी होती. गार नाही, ऊन नाही. झाडू घेतला आणि ती राख झाडून काढली, झाडू कुठं अडला नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "कोण हाय?" आणि आपलाच राग आला. कोणी असेल तर उत्तर देईल, कोणी नसेल तर मी वेडी. दोन्हीत माझंच नुकसान.

दार लावताना मला उगाच वाटलं, की पाटावर बसणारा माणूस भिंतीला पाठ लावून बसतो. हा भिंतीपासून लांब बसला होता. दाराकडं तोंड करून.

मी त्या दिवशी कडीवर बाहेरून कुलूप घातलं. तसं करण्याला काही अर्थ नव्हता, हे मला कळत होतं. वाण्या कुलपाखालूनच येत होत्या.

५

पण कुलूप घातल्यापासून त्या दारातून सरळ यायला लागल्या. मला बरं वाटलं. एक संध्याकाळ मी निवांत वाण्या गोळा केल्या. मग पाहिलं, ओट्याच्या पायरीखाली, अंगणात, त्या वळत होत्या. तिथं काहीच नव्हतं.

मी अंगणात राख पसरली. शेजारची गुरम्मा कुंपणावरून वाकली.

"महादेवक्का, अंगण सारवायचं सोडून राख फासायलीस? गोसावीण झालीस का म्हातारपणी?"

"हाव. तुला बी लावू का थोडी? रंग तरी उजळंल."

ती हसत गेली. तिला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावानं मला बाजेला बांधलं असतं. एका घरात एक डोक्यानं गेलेला पुरे असतो.

राखेत ती कोरी जागा दिसली. पायरीपासून थोडी पुढं. दुसऱ्या दिवशी तुळशीजवळ. नंतर शेडाच्या खांबाशी. मी शंकरप्पांची बाज उचलून दुसऱ्या टोकाला नेली, एकटीनं, कमरेत उसण भरली. सकाळी राखेतल्या शिवणी तिकडं जाऊन वळल्या होत्या.

त्या संध्याकाळी शंकरप्पा न्हाणीकडून येत होते. हातात काठी, अंगण मोकळं. मध्येच थांबले. उजवीकडं वळले, चार पावलं गेले आणि डावीकडं वळून बाजेला लागले.

मी विचारलं, "ओ, सरळ यायचं सोडून फेरा कशाला घातला?"

"मधी बसलंय की कोण तरी," ते म्हणाले.

"कोण बसलंय?"

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. मी पाहिलं, डोळ्यांतलं निघून चाललं होतं, पाटीवरचं पुसावं तसं.

"काय कोण, बाई?" ते म्हणाले.

६

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी चुलवण पेटवत होते.

"महादेवी, चहा टाक."

माझ्या हातातली काटकी खाली पडली. बाजेवर शंकरप्पा ताठ बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. बघत होते म्हणजे ओळखून.

"कोण मी?" मी विचारलं.

"महादेवी. तूच न्हाईस का? चुलीत धूर करून ठेवलीस सगळा."

मी रडले. मी रडणारी बाई नाही, पण रडले, अंगणात, राखेत बसून. त्यांना सगळं आठवत होतं. लेकीचं नाव, बैलांची नावं, जुन्या गावातली गल्ली. मान वळवून परत समोर बघितलं तरी मी महादेवीच होते. गुरम्मा धावत आली, तिलाही नावानं हाक मारली. ती म्हणाली, "देव पावला गं अक्का," आणि साखर घेऊन आली. शिवांगीला फोन लावला. ती तिकडून ओरडत होती, "आज्जी, आजोबा मला शिवी म्हणाले! लहानपणीचं नाव! मी उद्याच येते, पेढे घेऊन येते!"

दिवसभर मी त्यांच्यासमोरून हलले नाही. काहीतरी विचारायचे आणि ते सांगायचे, आणि मी आणखी विचारायचे. तहानलेल्या माणसानं पाणी प्यावं तसं.

दुपारी भाकरी वाढताना एक गोष्ट मनात आली. शंकरप्पांनी मला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' म्हणायचे, 'ऐकायलीस का' म्हणायचे. मी त्यांचं नाव घ्यायचे म्हणून लोक हसायचे, आणि ते लाजायचे. माझं नाव त्यांच्या तोंडाला कधी आलं नाही.

मी तो विचार झटकला. दुखणं माणसाला बदलतं. मिळालंय ते घ्यावं, धर्माच्या गाईचे दात मोजत बसू नये.

७

पावसाची भुरभुर थांबली तसं आभाळ उतरून आलं आणि वाण्या निघाल्या. मी सुपली घेतली नाही. आज कोणाला हाकलायचं नव्हतं.

एक वाणी ओट्यावरून उतरली, अंगण ओलांडून शेडात आली. वाटेत कुठं वळली नाही. तुळशीपाशी नाही, खांबापाशी नाही. मला हायसं वाटलं. गेलं म्हटलं, जे काय होतं ते गेलं. ती बाजेकडं आली. ते पाय सोडून बसले होते, नेहमीसारखे. मी हसून म्हटलं, "बघा, आली तुमची मैत्रीण."

वाणी त्यांच्या पावलापासून बोटभर अंतरावर आली आणि उजवीकडं वळली.

पावलाच्या कडेनं गेली. टाचेमागून डावीकडं वळली आणि आपल्या रस्त्याला लागली. तिच्यामागून दुसरी आली. तीही.

मी माझा पाय पुढं केला. वाणी माझ्या पावलावर चढली, गुदगुल्या करत गेली, उतरली. त्यांच्या पावलापाशी आली आणि वळली.

मी वर बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. चेहरा तोच, कपाळावरची जखमेची खूण तीच, विभूतीची बोटं तीच.

"महादेवी," ते म्हणाले, "बाहेर किती दिवस निजायचं? आत चल."

"आत?"

"घर हाय की आपलं. कुलूप काढ."

मी कुलूप काढलं. का काढलं? कारण तो आवाज माझं नाव घेत होता. ते उठले, काठी न घेता. ज्या उंबऱ्याला त्यांनी इतकी वर्षं पाय लावला नव्हता तो ओलांडला, उजवं पाऊल आधी टाकून, बाजारातून घरी आलेला माणूस टाकतो तसं. दिवा लावायला सांगितलं नाही. चाचपडले नाहीत. दाराच्या आत, भिंतीपासून लांब, फरशीवर बसले आणि तोंड दाराकडं केलं.

"ये," म्हणाले.

८

मी आत गेले नाही. "चहाचं बघते," म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

ओट्यावर बसले. अजून पुरता अंधार पडलेला नव्हता, शेजारी गुरम्माच्या चुलीचा धूर दिसत होता. फटीतून वाणी आली. उंबऱ्यावरून उतरली आणि डावीकडं वळली.

मी माझ्या अकलेशी भांडले, खरं सांगते. म्हातारपण आहे, म्हटलं. मोहरीएवढ्या मेंदूच्या किड्यावर भरवसा ठेवून मी माझ्या बऱ्या झालेल्या नवऱ्याला सोडू? दोन सालं जे मागितलं ते आत बसलंय, माझं नाव घेतंय. दार ढकललं की झालं. गाव म्हणेल महादेवीचं भाग्य. आणि समजा तो तो नसला, तर काय बिघडलं? जो होता तो तरी मला कुठं ओळखत होता?

हा शेवटचा विचार माझ्या मनात आला आणि मला माझीच किळस आली. मी उठून शेडात गेले.

बाज रिकामी होती. मी सकाळीच पसरलेली राख बाजेखाली आणि बाजेपुढं होती, तिच्यावर माझ्या पायांच्या खुणा, आणि वाण्यांच्या शिवणी. मघाच्या शिवणी वळसा घातलेल्या होत्या, त्या मला ओळखू आल्या. पण त्यांच्यावरून एक नवी शिवण गेली होती. मी बघत होते तेव्हासुद्धा वाणी चालत होती, शिवणीच्या पुढच्या टोकाला.

ती बाजेपुढं आली, जिथं बसलेल्या माणसाचे पाय येतात तिथं. तिथं अंधार जास्त होता आणि माझे डोळे म्हातारे आहेत. ती मला दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली, थोडी पुढं, राखेवर उतरताना. मी कंदील आणला.

शिवण तुटलेली होती. मध्ये पावलाच्या रुंदीएवढं कोरं, मग परत शिवण. थोडं अंतर सोडून दुसऱ्या पावलाएवढं कोरं, आणि परत शिवण.

बाजेची सुंभं मधोमध खोल गेलेली होती. ती नेहमीच तशी असतात. मी कंदील जास्त वर धरला नाही.

मी ओट्यावर गेले आणि दाराची कडी घातली. कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. आतून काही आदळआपट झाली नाही, दार हललं नाही. नुसती हाक आली, शांत, दाराला अगदी लागून: "महादेवी."

उद्या शिवांगी येईल पेढे घेऊन. आजोबाला कोंडलंस म्हणून माझ्याशी भांडेल, गाव गोळा होईल, गुरम्मा छाती बडवेल. भांडू दे. मी तिला काही समजावणार नाही. तिला ओट्यावर बसवीन आणि फटीकडं बघ म्हणेन. तिनंच शिकवलंय मला.

मी बाजेच्या एका कडेला बसले, जागा सोडून. समोर घर होतं, काडेपेटीसारखं, आणि त्यातून माझं नाव येत होतं, पुन्हा पुन्हा, ज्या आवाजात मी ते ऐकायला जन्मभर थांबले होते त्या आवाजात. मी तिकडं पाहिलं नाही. तांब्या भरून घेतला आणि बाजेपुढं, राखेत, त्या दोन कोऱ्या जागांच्या शेजारी ठेवला.

"घ्या," म्हटलं.